लॉ फर्ममधली पहिली समर इंटर्नशिप: जायच्या आधीपासून निघेपर्यंत

मे महिन्यात लॉ फर्म जॉइन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एकच धास्ती असते, की आपल्याला कायदा पुरेसा येत नाही आणि पहिल्याच दिवशी ते उघडं पडणार. ही धास्ती सोडून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला किती कायदा येतो हे फर्ममधल्या लोकांना नीट माहीत असतं, तेही तिथूनच आलेत. मी आधी इंटर्न होते आणि आता असोसिएट म्हणून इंटर्नना कामं देते, आणि मी मुख्यतः एकच गोष्ट बघते: यांनी दिलेला कागद मला पहिल्यापासून परत तपासावा लागतोय का. काय बघितलं, काय बघायचं राहिलं, कुठे खात्री नाही, हे जो स्वच्छ सांगतो त्याला लवकरच चांगली कामं मिळायला लागतात. बाकीचं खाली क्रमाने लिहिते. महाराष्ट्रातली कोर्टं आणि फर्म्स डोळ्यासमोर ठेवून लिहितेय.

१. आधी नियम आणि कागद

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे लीगल एज्युकेशनचे नियम आहेत, त्यात इंटर्नशिपचा नियम आहे आणि तो बरेच जण वाचतच नाहीत. तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वेळी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. आणि पूर्ण कोर्समध्ये एकदा तरी ट्रायल (मूळ खटल्याच्या) आणि अपेलेट (अपिलाच्या) कोर्टात काम करणाऱ्या वकिलांकडे केलेली असावी लागते. म्हणजे पाचही वर्षं फक्त कॉर्पोरेट टीममध्ये काढली तर शेवटच्या वर्षी धावपळ होते. फर्म दोन महिने बोलवत असेल तर हो म्हणायच्या आधी कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला विचारा की हे रेकॉर्डला कसं दाखवायचं.

सोबत काय ठेवायचं:

- कॉलेजचं बोनाफाइड आणि फर्मने मागितलं असेल तर एनओसी किंवा शिफारसपत्र
- कॉलेजचं ओळखपत्र, आधार आणि पॅनच्या प्रती, पासपोर्ट साइझ फोटो
- फर्मचा कन्फर्मेशन ईमेल, प्रिंट काढून (गेटवर रिसेप्शनला तुमचं नाव पोचलेलं नसतं, हे फार कॉमन आहे)
- बँक डिटेल्स, स्टायपेंड असेल तर
- कॉलेजची इंटर्नशिप डायरी
- स्वतःचा लॅपटॉप लागणार का हे आधीच विचारून घ्या

स्टायपेंडचं सगळीकडे वेगळं असतं, काही ठिकाणी चांगला, बऱ्याच ठिकाणी शून्य. एचआरला जॉइन व्हायच्या आधी एका ओळीत विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जॉइन झाल्यावर असोसिएटला विचारू नका, त्याच्या हातात काहीच नसतं.

कपडे: ऑफिसला साधे फॉर्मल चालतात, पण कोर्टात जायचं असेल तर पांढरा शर्ट किंवा कुर्ता, काळी पँट किंवा सलवार, काळा कोट, काळे बंद बूट. इंटर्नच्या टायचाही नियमात उल्लेख आहे. बँड आणि गाऊन मात्र घालायचा नाही, तो सनद मिळालेल्या वकिलांचा. काळा कोट ऑफिसातच खुर्चीला टांगून ठेवा, कारण "चल कोर्टात" हे वाक्य दहा मिनिटं आधी येतं.

२. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते हे लक्षात ठेवा

कित्येक जण कोर्ट बघायच्या हौसेने मे महिना निवडतात आणि मग हिरमुसतात. मुंबई हायकोर्टाची उन्हाळी सुट्टी साधारण मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत असते, त्यात फक्त व्हेकेशन कोर्ट बसतं आणि तिथे तातडीच्याच मॅटर्स घेतात. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये नियम बदलून उन्हाळी सुट्टीला आंशिक कामकाजाचे दिवस म्हणायला सुरुवात केली, पण तिथेही नेहमीसारखी गर्दीची यादी नसते. त्यामुळे सुनावण्या बघायच्या असतील तर जूनचा दुसरा पंधरवडा मागा.

पण मे वाया जातो असं अजिबात नाही. ड्राफ्टिंग सगळं तेव्हाच होतं. लिमिटेशन अॅक्टच्या (दाखल करायच्या मुदतींचा कायदा) कलम ४ मुळे ज्यांची मुदत सुट्टीत संपते त्यांना कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, म्हणून उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात ऑफिसात नुसती झुंबड असते. इथे एक सापळा आहे. आर्बिट्रेशनच्या अवॉर्डला (लवादाच्या निवाड्याला) आर्बिट्रेशन कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान द्यायला तीन महिने मिळतात आणि पुढे कोर्ट फार तर ३० दिवस वाढवू शकतं. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगितलंय की कलम ४ चा फायदा त्या तीन महिन्यांना आहे, वरच्या ३० दिवसांना नाही. म्हणजे ते ३० दिवस सुट्टीत संपले तर संपले. तारखा मोजायचं काम इंटर्नकडे येतं, तेव्हा "कोर्ट बंद आहे म्हणजे चालेल" असं परस्पर ठरवू नका, कुठली मुदत कुठल्या कलमाखाली आहे ते लिहून दाखवा.

३. पहिला दिवस

पहिला दिवस बराचसा सह्या करण्यात आणि पासवर्डची वाट बघण्यात जातो. कॉन्फिडेन्शिअॅलिटीचा अंडरटेकिंग (गुप्तता पाळण्याची लेखी हमी) देतील, तो वाचून सही करा. नात्यातलं कुणी त्या फर्मच्या समोरच्या बाजूला असेल, किंवा आधीच्या इंटर्नशिपमध्ये तुम्ही त्याच मॅटरवर दुसरीकडे काम केलं असेल, तर त्याच दिवशी सांगून टाका. सांगितलं तर तुम्हाला फक्त दुसऱ्या मॅटरवर टाकतात. न सांगता नंतर कळलं तर फर्मचीच अडचण होते.

वरून खाली पार्टनर, मग प्रिन्सिपल किंवा सीनियर असोसिएट, असोसिएट, मग तुम्ही. तुमचा रोजचा संबंध असोसिएटशीच. हाक मारायची पद्धत फर्मप्रमाणे बदलते, काही ठिकाणी पार्टनरलाही नावाने बोलावतात, काही ठिकाणी सगळे सर-मॅडम. पहिले दोन दिवस सर-मॅडम म्हणा आणि बाकीचे काय म्हणतात ते बघा.

आणि क्लार्क. फर्मचे कोर्ट क्लार्क हे बहुतेक वेळा तिथले सगळ्यात जुने लोक असतात, फायलिंग काउंटरवर कुठलं ऑब्जेक्शन निघणार हे त्यांना कागद हातात घेतल्यावर कळतं. लॉजिंग नंबर किंवा स्टॅम्प नंबर म्हणजे काय, तो रजिस्टर्ड नंबर कधी होतो, प्रेसिपी (कोर्टाला द्यायची छोटी लेखी विनंती) कधी द्यायची, हे पुस्तकात सापडणार नाही, ते यांच्याकडूनच शिकायचं. एखाद्या दिवशी परवानगी काढून त्यांच्यासोबत फायलिंगला जा, अर्धा दिवस जातो पण जाच.

४. काम घेताना काय विचारायचं

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा लांब लिहिते. असोसिएट घाईत येतो, दोन वाक्यं बोलतो आणि जातो. तुम्ही मान हलवता आणि मग तीन तास अंदाजाने काम करता. असं करू नका. वही घेऊनच उठा आणि तो जायच्या आत एवढं विचारून घ्या: आपण कोणाच्या बाजूने आहोत, हे कधीपर्यंत हवंय, कुठल्या स्वरूपात हवंय (ईमेलमध्ये चार ओळी, का नोट, का फक्त जजमेंट्सचे पीडीएफ), हे पुढे कोण वाचणार आहे, आणि किती वेळ घालवणं अपेक्षित आहे. बाजू विचारायला लोक विसरतात, आणि मग समोरच्याच्या फायद्याची जजमेंट्स शोधून छान नोट करून देतात.

एक उदाहरण. सांगितलं, "यांचा चेक बाउन्स झालाय, आपली नोटीस वेळेत गेली का बघ." आता १३८ च्या केसमध्ये (चेक बाउन्सचं कलम, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमधलं) तीन वेगळी घड्याळं आहेत. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला असतात. ते संपले की एक महिन्यात तक्रार दाखल करायची. तक्रारीला उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून कोर्टाकडून माफ करून घेता येतो, पण नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सोय कायद्यात नाही. म्हणून चेकवरची तारीख बघून मोजायचं नाही, बँकेचा रिटर्न मेमो क्लायंटच्या हातात कधी आला ते शोधायचं.

मग उत्तर कसं द्यायचं? "वेळेत आहे" एवढंच लिहिलंत तर मला सगळी फाइल परत उघडावी लागते. असं लिहा: "मेमोवर तारीख ४ मार्च आहे, क्लायंटला तो कधी मिळाला याचा कागद फाइलमध्ये नाही. ४ मार्च धरली तर ३ एप्रिल शेवटचा दिवस. नोटीस २८ मार्चला स्पीड पोस्टने गेली, पावती पान २२ वर. पोच मिळालेली नाही, ट्रॅकिंगची प्रिंट काढावी लागेल." यात एकही भारी शब्द नाही, आणि पान नंबरसकट तयार असल्यामुळे ते मी जसंच्या तसं पुढे पाठवू शकते.

अडकलात तर अर्धा-पाऊण तास स्वतः झटापट करा आणि मग विचारा, पण प्रश्न एकेक करून दर पाच मिनिटांनी नको, चार साठवून एकदम. आणि डेडलाइन चुकणार असं वाटलं की लगेच सांगा, संध्याकाळी सात वाजता नाही. दुपारी सांगितलं तर काम दोघांत वाटता येतं.

५. रिसर्च करताना

फर्ममध्ये एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्र हे निकाल शोधायचे पैसे भरून घेतलेले डेटाबेस असतात, लॉगिन बहुतेक शेअर्ड असतं, त्यामुळे काम झालं की लॉगआउट करा नाहीतर दुसरा कोणीतरी अडकून बसतो. फुकटात इंडियन कानून ही वेबसाइट आहे आणि सुप्रीम कोर्टाचा स्वतःचा निकालांचा ऑनलाइन संग्रह, ई-एससीआर, आहे. सुप्रीम कोर्टाच्या निकालांना २०२३ पासून न्यूट्रल सायटेशन (कोर्टाने स्वतः दिलेला निकालाचा ओळख नंबर) मिळतं, हायकोर्टाच्याही निकालांवर असतं, तर नोटमध्ये रिपोर्टरच्या (निकाल छापणाऱ्या मालिकेच्या) सायटेशनसोबत ते पण टाका, शोधणाऱ्याचा वेळ वाचतो.

हेडनोटवरून (निकालाच्या वर छापलेल्या सारांशावरून) लिहायचं नाही. जो पॅरा तुम्ही सांगताय तो पूर्ण वाचा, त्याच्या आधीचा आणि नंतरचाही, कारण बऱ्याचदा तो पॅरा म्हणजे कोर्टाने नोंदवलेला वकिलाचा युक्तिवाद असतो आणि कोर्टाने पुढे तोच फेटाळलेला असतो. निकाल नंतर फिरवला गेलाय का ते बघा. विरोधात जाणारं जजमेंट सापडलं तर ते लपवू नका, पहिल्या पानावर टाका. ते कोर्टात समोरच्या वकिलाकडून पहिल्यांदा ऐकायला लागणं ही फार वाईट वेळ असते.

नवीन फौजदारी कायद्यांचं खास लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (भादंवि म्हणजे दंड संहितेच्या जागी), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम (जुन्या पुरावा कायद्याच्या जागी) लागू झाले. पण गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर कलमं जुन्या भादंविचीच लागतात, त्यामुळे रिसर्च सुरू करायच्या आधी घटनेची तारीख विचारा. कलमांचे नंबरही गोंधळ घालतात. ४८२ म्हटलं की जुन्या वकिलाच्या डोक्यात सीआरपीसीचं ४८२ येतं, म्हणजे एफआयआर रद्द करण्यासाठी हायकोर्टाकडे जाणं. ते आता नागरिक सुरक्षा संहितेत ५२८ आहे, आणि त्याच संहितेचं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ होता. कोणी "४८२ वर काढ" म्हणालं तर जुनं का नवं हे विचाराच.

एआयबद्दल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेली, अस्तित्वातच नसलेली जजमेंट्स दाखल केली आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. फर्मची पॉलिसी काय आहे ते आधी विचारा, आणि परवानगी असली तरी जे जजमेंट तुम्ही स्वतः उघडून वाचलं नाही ते नोटमध्ये जाता कामा नये. क्लायंटची कागदपत्रं तर बाहेरच्या कुठल्याही टूलमध्ये अपलोड करायची नाहीत.

६. कंटाळवाणी वाटणारी कामं

लिस्ट ऑफ डेट्स (मॅटरमधल्या घटनांची तारीखवार यादी), कंपाइलेशन (कागद आणि जजमेंट्सचा संच), पेजिनेशन (पान नंबर घालणं), एक्झिबिट जुळवणं, प्रूफरीडिंग. पहिले काही दिवस हेच येणार. कॉर्पोरेट टीममध्ये असाल तर ड्यू डिलिजन्सच्या (व्यवहाराआधी कंपनीच्या कागदांची तपासणी) डेटा रूममधली शेकडो कागदपत्रं आणि एक्सेल शीट. हे करताना आपल्याला काही शिकवत नाहीयेत असं वाटतं, पण लिस्ट ऑफ डेट्स नीट करणाऱ्याला ती मॅटर पार्टनरखालोखाल माहीत होते, हे मी अनेकदा पाहिलंय. प्रत्येक तारखेसमोर पान नंबर टाका, आणि क्लायंटने तोंडी सांगितलेलं आणि कागदावर असलेलं वेगळं ठेवा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे एक खरा फायदा आहे. जमिनीच्या मॅटरमध्ये सातबारा, फेरफार, आठ-अ, इंडेक्स टू, खरेदीखत, जुने रोजनामे असा ढीग मराठीत असतो आणि टीममधल्या अर्ध्या लोकांना तो वाचता येत नाही. पण "मला मराठी येतं" एवढं पुरत नाही, सातबारा वाचायला शिकावं लागतं. उदाहरणार्थ कब्जेदाराच्या रकान्यात काही नावं कंसात असतात. कंस म्हणजे ती नोंद कमी झालेली आहे. भाषांतर करताना कंस गाळला तर ज्याचं नाव निघून गेलंय तो इंग्रजीत मालक होऊन बसतो आणि त्यावर पुढचा सगळा टायटल रिपोर्ट (जमिनीच्या मालकीचा अहवाल) उभा राहतो. तसंच भोगवटादार वर्ग १ का वर्ग २ हे बघा, वर्ग २ ची जमीन साधारणपणे सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये असतं, ०.८१.०० म्हणजे ८१ आर, म्हणजे ८,१०० चौरस मीटर. इतर अधिकाराचा रकाना शेवटपर्यंत वाचा, बँकेचा बोजा आणि कुळाचं नाव तिथेच सापडतं. प्रत्येक फेरफार नंबर शोधून तो फेरफार फाइलमध्ये आहे की नाही याची यादी करा. अशी यादी न मागता करून दिलीत तर तुमचं नाव लोकांच्या लक्षात राहतं.

७. कोर्टात

मॅटरचा बोर्डवरचा (कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीतला) नंबर, कोर्ट रूम आणि जज कोण हे निघायच्या आधी लिहून घ्या. खालच्या कोर्टांसाठी ई-कोर्ट्सच्या अॅपवर केसचा १६ अंकी-अक्षरी ओळख नंबर, म्हणजे सीएनआर नंबर, टाकला की स्टेटस दिसतो. फोन सायलेंट नाही, बंद. फायली सगळ्यांच्या सगळ्या आहेत ना हे ऑफिसातच तपासा.

आत तुमचं काम ऐकणं आणि लिहिणं. आपल्यातर्फे कोण उभं राहिलं, समोरून कोण, काय मागितलं, जज काय म्हणाले, पुढची तारीख, आणि कोणाला किती दिवसांत काय दाखल करायचंय. ऑर्डर वेबसाइटवर यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत क्लायंटला कळवायचं असतं ते तुमच्या वहीवरूनच. बाहेर पॅसेजमध्ये क्लायंट किंवा समोरचे वकील गप्पा मारायला येतात, "काय वाटतं, होईल का?" असं विचारतात. त्यावर एकच उत्तर, "मॅडमना विचारते" किंवा "सरांना विचारतो".

८. तोंड आणि फोन सांभाळणे

वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवायचं बंधन साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे आणि ते वकिलांच्या क्लार्क आणि कर्मचाऱ्यांनाही लागू होतं. मी तर फक्त इंटर्न, असं कुणीही धरून चालू नये. लोकलमध्ये, लिफ्टमध्ये, हॉस्टेलच्या ग्रुपवर क्लायंटचं नाव घ्यायचं नाही. डेस्कचा फोटो स्टोरीला टाकला आणि मागे स्क्रीनवर डील उघडी होती, हे होतं. लिंक्डइनवर फर्मचं नाव टाकायलाही आधी विचारा, आणि मॅटरचं वर्णन तर नकोच.

लिस्टेड कंपनीच्या डीलवर असाल तर अजून एक. जाहीर न झालेली माहिती हातात असताना त्या कंपनीचे शेअर घेणं-विकणं, किंवा घरच्यांना टीप देणं, हे सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांखाली येतं, आणि तिथे इंटर्न म्हणून सूट नाही. भावाने सहज विचारलं तरी गप्प.

९. उशीर, ताण आणि त्रास

काम नसताना रात्री नऊपर्यंत नुसतं बसून राहायची गरज नाही. निघायच्या आधी "अजून काही आहे का?" विचारा आणि जा. काम असेल तेव्हा मात्र उशीर होतो, परत कसं जाणार ते घरी आधीच बोलून ठेवा.

ओरडा बसला तर मनाला लावून घेऊ नका, फायलिंगच्या दिवशी सगळेच तापलेले असतात. पण कामावरून बोलणं वेगळं आणि अंगावर येणं, घाणेरडं बोलणं, रात्री नको ते मेसेज करणं वेगळं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा पॉश कायदा इंटर्न महिलांनाही लागू होतो, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, छोट्या ऑफिससाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण दाखवलं तर समिती अजून तीन महिने वाढवू शकते. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा, आणि चार आठवड्यांचाच तर प्रश्न आहे म्हणून सहन करत बसू नका. सर्टिफिकेट मिळणार नाही या भीतीने मुली गप्प राहतात हे मला माहीत आहे, म्हणून सांगते, कॉलेजलाही समांतर कळवून ठेवा.

१०. निघताना

शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच, सोमवारी, असोसिएटला विचारा की दहा मिनिटं फीडबॅक द्याल का. शुक्रवारी कुणालाच वेळ नसतो. डायरी रोज लिहा, पण त्यात क्लायंटची नावं नकोत, "एका बांधकाम कंपनीचा करार तपासला" एवढं पुरे. डायरीवर सही आणि सर्टिफिकेट यासाठी एचआरला दोन-तीन दिवस आधी मेल टाका. रायटिंग सॅम्पल म्हणून एखादी नोट वापरायची असेल तर लेखी परवानगी घ्या आणि नावं, आकडे, तारखा काढून टाका. स्वतःच्या लॅपटॉपवरच्या फायली डिलीट करा, अॅक्सेस कार्ड परत द्या, हातातली कामं कुठपर्यंत आलीत याचा एक छोटा मेल असोसिएटला पाठवा, कुठली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे यासकट.

आणि सर्टिफिकेट हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, सुरू आणि शेवटची तारीख, टीमचं नाव. कॉलेज तारखांवरूनच आठवडे मोजतं, आणि चूक नंतर दुरुस्त करून घ्यायला एचआरच्या मागे बरंच फिरावं लागतं.